रात्री कोण झोपतं, ते लिहून द्या

(धुळ्यात देवपूरला, आईच्या गच्चीवर. एप्रिलची सकाळ. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, धोतरावर घालायचं काम चाललंय.)

मी: "रात्री तुमच्याकडे कोण झोपतं, ते लिहून द्या." एवढंच म्हणाली होती गू बाई. जिन्यात उभी राहून, हातात कांद्याच्या पातीची जुडी. आणि मी हसले होते तिला.

आक्का: आनि आते तुन्हा भाऊनीबी तेच करं. मन्ही पोर मन्हा घरमा झोपस, ते हेमराजनी सरकारले लिखी दिधं! विदेशी पाव्हनी म्हने. कोन विदेशी? देवपूरना दवाखानामा जन्मेल पोर विदेशी?

मी: दादाचं चुकलं नाही, आक्का. तो कलेक्टर ऑफिसात आहे, त्याला नियम माहीत. माझा पासपोर्ट अमेरिकेचा, दिपूचा अमेरिकेचा. आम्ही आलो त्याच दिवशी त्याने मोबाइलवर भरून टाकलं. तुला कालपर्यंत कळलं नाही, इतकंच.

आक्का: माले सांगी कसाले. मी अडानी. ते धोतर वढ तिकून, सळ पडी राहिना. आनि ती गू बाई कोन? दीड महिना व्हयी गया, तू आठे, जवाई तठे. इचारं तर म्हनस, सुट्टी शे. आज बठ्ठं सांग.

मी: दिपू, घाट्यात हात नको! नुकतंच शिजलेलं पीठ आहे ते, गरम. नानीला विचार, मग वाटीत घे.

आक्का: खाऊ दे तिले. लोकसन्या पोरी मुंबईले जातीस. तू अमेरिकानी व्हयनी, राहस चीनमा, आनि रडाले येस धुळाले.

मी: रडत नाहीये मी.

आक्का: मंग डोयामा काय गयं? जिरं?

मी: तुला मार्था आठवते? फोनवर दिपूला गाणी म्हणून दाखवायची ती?

आक्का: पांढरा केसनी गोरी बाई. एकदाव माले बिबडं दखाडं तिनी, तयेल. म्हने, लय भारी. तूच शिकाडेल व्हशी.

मी: तीच. आमच्या समोरच्या दारात राहायची, नवव्या मजल्यावर. मूळची ओहायोची. नवऱ्याबरोबर इंग्रजी शिकवायला चीनला आली, नवरा तिथेच वारला, ही राहिली. एकोणीस वर्षं. त्या इमारतीत अमेरिकन पासपोर्टवाले आम्ही तीन आणि ती एक. पण भाजीवाला मला विचारायचा, कुठल्या? मी म्हणायचे, अमेरिका. तो हसायचा. "नाही, खरं सांगा." मार्थाला कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे. आणि तीच सांगायची, मी इथली.

आक्का: त्याले काय करनं? भाजी द्यावी आनि गप ऱ्हावं.

मी: तसं नाही गं. सगळं तिनेच शिकवलं मला. तिथे नोट कोणी हातात घेत नाही, फोनने ती चौकोनी क्यूआर खूण टिपायची, की पैसे गेले. दवाखान्याचा नंबर फोनवर लावायचा. पार्सल खाली कपाटात येतं, त्याचा आकडा फोनवर. हिवाळ्यात घरं गरम ठेवायची सोय नसते त्या भागात, आपण स्वयंपाकघरातही कोट घालून. पहिल्या थंडीत ती गरम पाण्याचे दोन थर्मास घेऊन आली. "गार पाणी मागू नकोस, लोक काळजी करतात." दिपूला ताप आला की आधी मार्था, मग डॉक्टर. योगेंद्र तर सकाळी सातला जायचा तो रात्री नऊला. मी दिवसभर बोलायचे ती एक मार्थाशी आणि एक तुझ्याशी. त्यातही तू अर्धा वेळ कुकरची शिट्टी मोजतेस.

आक्का: मोजनी पडस. मंग काय व्हयनं तिले?

मी: फेब्रुवारीत शाळेने काढलं. वय झालं म्हणून. घर शाळेचं, तेही गेलं. दुसऱ्या एका छोट्या शाळेने घ्यायचं कबूल केलं होतं, पण कागद व्हायला महिना. तोवर कुठे जाणार? मी म्हटलं, माझ्याकडे चल. दोन बॅगा आणि नवऱ्याचा फोटो. अकरा दिवस बैठकीतल्या सोफ्यावर झोपली.

आक्का: बरं करं. येल माणूसले सोफा नही ते काय जिना देशी?

मी: बरंच केलं असं मलाही वाटलं. पण तिथे नियम आहे. परदेशी माणूस जिथे झोपेल तिथली नोंद चोवीस तासांत पोलिसांत करायची. मग ते एक चिठ्ठी देतात. त्या चिठ्ठीशिवाय पुढचा कुठलाच कागद हलत नाही.

आक्का: तुले माहीत नव्हतं?

मी: होतं.

आक्का: माहीत व्हतं?

मी: दरवेळी धुळ्याहून परत गेलो की बॅगा न उघडता योगेंद्र आमची चिठ्ठी करून आणायचा. मला पाठ होता नियम. पण तो आमच्यासाठी होता, असं मला वाटायचं. घरात आपल्या माणसाला झोपवायचं तर त्यासाठी चौकीत जायचं? तू कधी गेलीस? नरडाण्याची मावशी सहा-सहा महिने राहून जायची.

आक्का: तिले ते पोलिसनीच लई जावाले पायजे व्हतं. हास ना जराशी. बरं, मंग?

मी: मी काय केलं माहितीये? तू दिलेले बिबडे तळले आणि नऊही मजल्यांवर वाटत गेले. दिपूला कडेवर घेऊन. मोबाइलवर बोलायचं, मोबाइल चिनीत बोलून दाखवायचा, "मार्था आता आमच्याकडे असते." सगळ्या गल्लीला सांगितलं म्हणजे झालं, असंच डोक्यात. गू बाई इमारतीच्या कमिटीत आहे. तिने बिबडं घेतलं, खाल्लं, आणि मग जिन्यात मला गाठून ते बोलली. रात्री कोण झोपतं, ते लिहून द्या. मी म्हटलं, ती पाहुणी नाही, घरची आहे. गू बाई म्हणाली, घरचीच आहे तर आजच लिहून द्या.

आक्का: बरोबर बोलनी व ती.

मी: आता तुलाही बरोबर वाटतंय!

आक्का: मंग का नही लिखं?

मी: फ्लॅट कंपनीचा. नोंदीला योगेंद्रची सही लागणार. तो म्हणाला, कंपनीच्या घरात बाहेरचं माणूस कागदावर दाखवता येणार नाही, मला विचारतील. मी म्हटलं, राहू दे. महिन्याभराचा तर प्रश्न. सोमवारी बघू. सोमवारी दिपूला खोकला. मग मंगळवार...

आक्का: आनि पोलिस उनात.

मी: अकराव्या दिवशी रात्री. दोघं. दारात बूट काढले, पाणी प्यायले, दिपूच्या गालाला हात लावला. एकही शब्द चढ्या आवाजात नाही. चिठ्ठी मागितली. नव्हती. दंड किरकोळ होता. पण मार्थाचा नवीन शाळेचा अर्ज फेटाळला, आणि दहा दिवसांत देश सोडा म्हणाले. एकोणीस वर्षं, आक्का! ते दोघं गेल्यावर मार्था उठली आणि सिंकमधली भांडी घासत बसली. माझी भांडी.

आक्का: ...उलट नको ते, फाटी. आधी मांगथुन पानी शिपड. हं. मंग तिना काय पत्ता?

मी: तिचा फोन तिथला, नंबर तिथला. देश सोडला की नंबर बंद. त्या नंबरावरच सगळं होतं तिचं. विमानतळावर हात हलवला, तेवढंच. पंधरा दिवसांनी योगेंद्र म्हणाला, तू दिपूला घेऊन धुळ्याला जा, इथलं वातावरण शांत होऊ दे. त्याला सांगून ठेवलंय, मार्थाच्या जुन्या शाळेत जा, तिचा अमेरिकेतला पत्ता काढ. रोज विचारते. रोज म्हणतो, मिळत नाही.

आक्का: आनि पोलिसले कोन सांगं?

मी: गू बाईने! दुसरं कोण? जिन्यात धमकी देऊन गेली नव्हती का? मी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं सुद्धा. काही लोक घरचं खातात आणि चौकीत जाऊन ढेकर देतात. निघताना ती खाली अंड्यांची पिशवी घेऊन उभी होती, दिपूला प्रवासात उकडून द्यायला. मी तोंड फिरवून टॅक्सीत बसले.

आक्का: अंडा नही लिधात?

मी: नाही.

आक्का: फोन वाजी राहिना तुन्हा.

मी: योगेंद्र. तिथे जेवणाची सुट्टी झाली असेल. हात घाट्याचे आहेत, स्पीकरवर टाक. ते हिरवं दाब.

योगेंद्र: हॅलो? कामिनी? शनिवारचं बुकिंग कन्फर्म झालं बघ. मुंबईहून रात्रीचं आहे, हेमराज सोडेल ना? दिपूची बालवाडी सुट्टीनंतर लगेच आहे.

मी: मार्थाच्या शाळेत गेला होतास?

योगेंद्र: विचारलं. त्यांच्याकडे नाही पत्ता.

मी: कोणाला विचारलंस?

योगेंद्र: ऑफिसात... एक जण असतो. कामिनी, मला साडेबाराला मीटिंग आहे.

आक्का: जवाईबापू, मी बोली राहिनू.

योगेंद्र: अरे, आक्का! नमस्कार. बिबडे चाललेत वाटतं? आवाज येतोय.

आक्का: व्हय. एक इचारू? ही म्हनस, पोलिसले ती गू बाईनी सांगं.

योगेंद्र: ते जाऊ द्या ना आता, आक्का. झालं ते झालं.

आक्का: मन्हा मनले पटत नही. जिले चुगली करनी ऱ्हास, ती जिनामा उभी ऱ्हायीसन आधी बजावत नही.

योगेंद्र: तुम्हाला तिथले नियम माहीत नाहीत, आक्का.

आक्का: नियम माले काल समजनात. मन्हा आंडोर हेमराजनी समजाडात. माले ते एवढं दिखनं, लिखी देनारा घरनाच ऱ्हास.

मी: आक्का, काय बोलतेस तू? योगेंद्रने कशाला... योगेंद्र?

योगेंद्र: मी तक्रार नाही केली, कामिनी. नोंद करायला गेलो.

मी: काय?

योगेंद्र: दहाव्या दिवशी. ऑफिसमधून परस्पर गेलो. म्हटलं, तू काही जाणार नाहीस, मीच उशिराची नोंद करून टाकतो, दंड भरतो, विषय संपला. त्यांनी विचारलं, कधीपासून राहतात? मी खरं सांगितलं. दहा दिवस. त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी बघायला आले.

मी: सही करणार नाही म्हणाला होतास तू!

योगेंद्र: घाबरलो होतो. मग तू नऊ मजल्यांवर बिबडे वाटत फिरलीस, तेव्हा जास्त घाबरलो. कंपनीची तपासणी होती त्या आठवड्यात. मार्था गोरी आहे, कामिनी. ती चुकली तर लोक म्हणतात, म्हातारी आहे, विसरली. आपण चुकलो तर? आपल्याला पासपोर्टचा रंग कोणी विचारत नाही, आधी तोंड बघतात. तूच सांगतेस ना भाजीवाल्याचं?

मी: मला सांगितलं का नाहीस? पोलिस दारात उभे होते तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास. मी गू बाईला शिव्या घातल्या, तू जेवत होतास! ग्रुपवर लिहिलं, तू वाचलंस!

योगेंद्र: पहिल्याच दिवशी नोंद झाली असती तर काही झालं नसतं. पहिल्या दिवशी. ते तुझ्या हातात होतं की नाही?

आक्का: तिन्ही चूक ती मानस, जवाईबापू. रोज मानस. तुम्हले दोन महिना लागनात, तेबी मी इचारं म्हनून. आते एवढंच सांगा, त्या बाईना काही निरोप?

योगेंद्र: आक्का, मला खरंच मीटिंग...

आक्का: शे का नही?

योगेंद्र: एक मेल आला होता.

मी: कधी?

योगेंद्र: मार्चमध्ये. चार तारखेला. तुझा मेलचा पत्ता नव्हता तिच्याकडे, म्हणून माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर.

मी: आज अठ्ठावीस एप्रिल आहे.

योगेंद्र: तू त्यातून बाहेर यावंस म्हणून नाही दिला. झोपत नव्हतीस तू. दिपूवर ओरडत होतीस. मी विचार केला...

मी: वाच.

योगेंद्र: आत्ता?

मी: वाच योगेंद्र. मराठीत सांग, आक्काला कळू दे.

योगेंद्र: "प्रिय योगेंद्र, मी पोचले. चुलतबहीण रूथकडे आले होते, पण ती नोव्हेंबरातच वारली, हे मला दारात उभं राहिल्यावर कळलं. तिचा मुलगा भला आहे. तळघरात झोपू देतो, एप्रिल संपेपर्यंत. मग घर विकायचं आहे. इथला फोन अजून नाही घेता आला. इथली दुकानं मला समजत नाहीत, परवा मी रांगेत उभी राहून चुकून चिनीत बोलले. दम थोडा वाढलाय. कामिनीला सांग, तिचा काही दोष नाही. दिपूला सांग, शिडीचं गाणं मी विसरले नाही. आणि खाली पत्ता दिला आहे, कामिनीने दोन ओळी लिहिल्या तर..." पुढे पत्ता आहे.

मी: एप्रिल संपेपर्यंत.

योगेंद्र: हो.

मी: दोन दिवस राहिलेत.

योगेंद्र: मी फॉरवर्ड करतो. आत्ताच करतो. शनिवारी मात्र... कामिनी? ऐकतेस ना?

आक्का: तिनी फोन ठेवी दिधा, असं समजा. ठेवू?

मी: ठेव.

आक्का: बठ जराशी. सावलीमा बठ. पोर देखी राहिनी तुन्हाकडे.

मी: दोष नाही म्हणते. दोष नाही कसा? पहिल्या दिवशी हट्टाने त्याची सही घेऊन मी गेले असते, अर्धा तास लागला असता. चौकी कोपऱ्यावर होती, आक्का, दूधवाल्याच्या शेजारी. रोज तिथूनच जायचे मी.

आक्का: आते तिले लिख.

मी: लिहिते. आत्ताच लिहिते.

आक्का: आनि ती गू बाईले पन लिख.

मी: काय लिहू?

आक्का: अंडा लेवाले पायजे व्हतात, असं लिख.

*

आक्का: काय उनं का उत्तर?

मी: नाही. सहा दिवस झाले. सकाळी उठल्या उठल्या बघते, तिथे रात्र असते. रात्री बघते, तिथे सकाळ. मार्थाच्या गावच्या पोलिसांना फोन केला, ते विचारतात, तुमचं नातं काय? मी म्हटलं, शेजारीण. त्यांनी लिहून घेतलं, पुढे काही नाही.

आक्का: आनि ती दुसरी?

मी: गू बाईने उत्तर दिलं. एक हसरा चेहरा पाठवला आणि लिहिलं, बाळ जेवतं का?

आक्का: देख. विमानबी गयं ना शनिवारनं?

मी: गेलं. योगेंद्रला म्हटलं, मार्थाचं कळल्याशिवाय मी तिकिटाचं बोलणार नाही. रोज फोन करतो. दिपूशी बोलतो. माझ्याशी बोलताना घसा साफ करतो आधी.

आक्का: करू दे. मी सांगू? सरकारले सांगी देखं, जवाईले सांगी देखं. आते गल्लीले सांग.

मी: कुठल्या गल्लीला?

आक्का: आपली. पाचोराना झुलालना पोऱ्या नही का तठे? बन्सीलालनी नात? घरघरना एकेक जन जायेल शे अमेरिकामा. तू शिकेल शे, लिख. पेपरमा दे, पुस्तकमा दे, कोठेबी दे. नऊ मजला चढी उनी बिबडा वाटाले, आते का लाजस?

मी: कोण वाचेल आणि कोण जाईल, आक्का?

आक्का: एक जन गया तरी व्हयी.

मी: बरं. मग जे वाचत आहात त्यांना सांगते. तुमचं कोणी ओहायोत असेल, मुलगा, भाची, जावई, कोणीही, तर त्यांना फोन करा. टोलेडो म्हणून शहर आहे, तिथून दक्षिणेला गाडीने अर्ध्या तासावर एक लहान गाव. रेल्वे फाटकाजवळ विकायला काढलेलं घर. नेमका पत्ता इथे छापत नाही, विचारलात तर लगेच देईन. पुढचं दार वाजवू नका, मागे जा, तळघराचं दार मागे असणार. मार्था म्हणून हाक मारा, कामिनीने पाठवलं म्हणा. ती तिथे नसेल तर शेजारी विचारा, कुठे गेली ते. आणि असेल, तर तिचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढून दारापर्यंत यायला तिला वेळ लागतो. दोनदा वाजवून परत फिरू नका.